मानपत्रातला डॉक्टर

शाळेचा कारकून दारात उभा राहिला तेव्हा काकूंच्या तोंडात चार टाचण्या होत्या. म्हणून 'या, बसा' तोंडानं न म्हणता त्यांनी भुवईनंच खुर्ची दाखवली. टाचण्या तोंडात असतात तेवढाच वेळ काकू गप्प असतात, असं सगळी गल्ली म्हणायची. कुणाला काही मागायचं असलं, काही लपवायचं असलं, की माणसं नेमकी तीच वेळ गाठून यायची.

तीस वर्षं काकू त्या शाळेचे गणवेश शिवत होत्या. पुढच्या खोलीत पायमशीन आणि कापडाचे गठ्ठे, मागच्या खोलीत संसार. करडी पॅन्ट, आकाशी सदरा. निम्म्या शाळेची मापं त्यांना तोंडपाठ होती. कुणाच्या बापानं पोटाला चिमटा काढून कापड घेतलंय आणि कोण नुसतीच ऐट करतोय, हेही त्यांना कापड हातात घेतल्या घेतल्या कळायचं. आणि कळलं की बोलायच्या. "पोराला वाढतं माप घे, तुझ्या ऐटीसारखं आखूड नको," असं एका दुकानदाराच्या बायकोला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. बाई पुन्हा आली नाही, कापड मात्र पाठवत राहिली. शिलाई तशी होती.

"काकू, शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली," कारकून म्हणाला. "पाच माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठरलाय. ज्यांनी कामात नाव काढलं आणि चार लोकांसाठी झिजले, असे पाच. त्यात तुमच्या मुलाचं नाव आहे."

काकूंनी एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचली.

"कुणी घातलं नाव?"

"गणिताच्या सरांनी. समितीच्या बैठकीत उठले आणि म्हणाले, शिवणकाकूंचा मुलगा हॉस्पिटलात जे करतो ते दुसरं कुणी करणार नाही, त्याचं नाव पहिलं लिहा. पुढं त्यांना बोलवेचना, डोळेच भरून आले. आता वय झालंय, कोण खोदून विचारणार. मोठ्या बाई म्हणाल्या, बाकीचं घरून लिहून आणा." त्यानं मांडीवर अर्ज पसरला. "हं. पद काय म्हणून लिहू?"

आता खरं काय ते इथंच सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काकूंचा मुलगा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात होता हे खरं. पण तो होता तळघरात, शवागारात. ज्या मेलेल्या माणसांना कुणी विचारत येत नाही, त्यांना तो धुवायचा, दाढी करायचा, केस विंचरायचा. अंगावरची खूण, दाताची फट, शर्टाला लावलेलं वेगळ्या रंगाचं बटण, सगळं एका वहीत लिहून ठेवायचा, म्हणजे पुढंमागं शोधत कुणी आलंच तर त्याला आपलं माणूस सापडावं. हे वहीचं काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षं तो ते करत होता.

शाळेत होता तेव्हा तो वर्गात पहिला यायचा. डॉक्टर होणार असं सगळे धरून चालले होते, आणि काकू तर सगळ्यात जास्त. मग नवरा गेला, घरात कमावतं कुणी राहिलं नाही, आणि पोरगं हॉस्पिटलात लागेल त्या कामाला लागलं. महिनाभर म्हणून खाली पाठवलं होतं. त्या महिन्यात शेजारच्या इस्त्रीवालीनं विचारलं, "लागला का हो हॉस्पिटलात? डॉक्टरकीलाच ना?" काकू म्हणाल्या, "शिकतोय." एवढाच एक शब्द. मग महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची पाच झाली, आणि शिकणारा कधीतरी शिकून बाहेर पडायलाच हवा. सहाव्या वर्षी काकूंनी त्याला डॉक्टर करून टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची. शहर दोन तासांवर, कोण कशाला बघायला जातंय.

त्याच्या त्या मेलेल्या माणसांसाठी काकू कपडेही शिवायच्या. त्यानंच एकदा मागितले होते. गणवेशाच्या उरलेल्या कापडाचे, करडे नाहीतर आकाशी, लांब अंगरखे. पुढून बंद, मागं उघडे, तीन ठिकाणी नाड्या, बाह्या ढगळ. आखडलेला हात वाकत नाही, म्हणून बाही ढगळ. गल्लीत कुणी विचारलं की काकू म्हणायच्या, "ऑपरेशनचे आहेत. त्याला बाहेरची शिलाई चालत नाही."

तर कारकुनानं विचारलं, पद काय लिहू. आणि काकूंना वाटलं, सगळ्यांना वाटतंय तेच सरांनाही वाटतंय. दुसरं काही त्यांच्या मनातही आलं नाही.

"डॉक्टर लिहा," त्या म्हणाल्या. "मोठा. ऑपरेशनं करतो. गरिबाकडून एक पैसा घेत नाही."

पैशाचं तेवढं खरं होतं. मेलेल्याकडून काय घेणार?

*

आठ दिवसांनी मुलगा सुट्टी काढून आला. चप्पल काढायच्या आधी त्यानं खिशातून पत्र काढून मशीनवर ठेवलं.

"आई, हे काय आहे?"

"पत्र आहे. मला काय दाखवतोस, मी चौथी पास. तुला येतं वाचता."

"नावाच्या आधी डॉक्टर कसं आलं?"

"समजले असतील ते तसं."

"उगाच कसं कुणी समजेल. कुणीतरी समजावलं असेल."

काकूंनी मशीनचं चाक फिरवलं. दोरा तुटला. त्यांनी तो जिभेला लावून सुईत ओवला, एका झटक्यात. साठी उलटली तरी त्यांना चष्मा लागला नव्हता आणि त्याचाही त्यांना तोरा होता.

"गल्लीत तू काय सांगतेस ते मला ठाऊक नाही असं वाटतं का तुला?" मुलगा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्याचा आवाज कधी चढायचाच नाही, तळघरात कुणावर चढवणार? "इस्त्रीवाली मावशी दर वेळी मला गुडघे दाखवते. मी म्हणतो तेल चोळा. गेल्या वेळी म्हणाली, तुमच्या हाताला गुण आहे."

"आहेच गुण."

"गल्लीत चाललं. गल्ली आपली आहे, गल्लीला हसून सोडता येतं. हे छापून येणार आहे, आई. चार लोकांपुढं वाचणार आहेत. नाव माझं आहे."

"मग काय सांगू मी?" काकू उसळल्या. "मुडदे धुतो म्हणून सांगू? माझ्या पोटचा पोरगा, पहिला नंबर कधी सोडला नाही, आणि आता मुडदे धुतो?"

"हो. तेच सांग. कामच ते आहे."

मग तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला, लहानपणी बसायचा तसा.

"सरांनी नाव घातलंय असं पत्रात लिहिलंय. म्हणून मला यायचंय. नाहीतर मी पत्र फाडून टाकलं असतं. तू सांगितलंस, तूच जाऊन बदल. बदललंस तर मी येईन. नाहीतर येणार नाही."

सर म्हटल्यावर त्याच्या तोंडावर काय आलं, ते काकूंनी पाहिलं नाही. त्यांनी मान खाली घातली होती. "जाते," त्या म्हणाल्या. "सांगते."

आणि गेल्याही. ते खोटं नाही. दुसऱ्याच दिवशी गणवेशांचा गठ्ठा काखेत मारून त्या शाळेत गेल्या, थेट मोठ्या बाईंच्या खोलीपाशी. दाराशी शिपाई बसला होता. तो उठून उभा राहिला. तीस वर्षांत काकूंसाठी तो कधी उठला नव्हता.

"काकू, डॉक्टरसाहेबांना विचाराल का? आमच्या हिचा खोकला जातच नाही."

आतून मोठ्या बाई म्हणाल्या, "कोण, डॉक्टरांच्या आई का? अहो, बाहेर काय उभ्या, आत या ना."

काकू आत गेल्या. गठ्ठा ठेवला. चहा आला, तो प्यायल्या. मोठ्या बाईंनी त्यांना पहिल्या रांगेतली खुर्ची दाखवली, म्हणजे कागदावर काढलेली, तिच्यावर 'मातोश्री' असं लिहिलं होतं. काकूंनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग गणवेशांची पावती घेऊन त्या घरी आल्या. 'सांगून आले,' असं मुलाला फोनवर कळवलं. रात्री सुनेचा फोन आला.

"आई, नक्की सांगितलंत ना तुम्ही? हे दोन दिवस जेवले नाहीत नीट."

"सांगून आले म्हटलं ना. एकदा सांगितलेलं तुला ऐकू येत नाही का? नवऱ्याला जेवू घालायचं काम तुझं, ते माझ्या माथी नको मारूस."

सून हॉस्पिटलातच आया होती, तिला असल्या तोंडाची सवय होती. ती म्हणाली, "बरं. सांगितलं असेल तर बरंच झालं." आणि फोन ठेवला.

काकूंचा हिशेब सरळ होता. तो येईल, स्टेजवर चढेल, मग काय करणार? चारचौघांत आईला खोटं पाडणारा पोरगा तो नव्हे. एकदा का टाळ्या पडल्या की राग आपोआप उतरेल. सत्कार कुणाला नको असतो?

*

सभागृह पोरांच्या घामाच्या आणि नव्या रंगाच्या वासानं भरलेलं होतं. वेळ दुपारची. काकूंनी ठेवणीतले कपडे घातले होते, आणि 'मातोश्री'च्या खुर्चीवर त्या अशा बसल्या होत्या की मागच्या तीन रांगांना स्टेज दिसत नव्हतं. शेजारी सून. स्टेजवर पाच जण: एक पूल बांधणारा, एक न्यायाधीश बाई, एक आगीच्या बंबावरचा, एक बाई जिनं पोरक्या मुलांसाठी घर काढलं होतं, आणि पाचवा काकूंचा. त्यानं पांढरा शर्ट घातला होता. हात मांडीवर पालथे ठेवले होते. साबणानं धुऊन धुऊन ते हात पांढरेफटक झालेले असतात, हे काकूंच्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं.

मानचिन्ह द्यायला गणिताचे सर होते. चौऱ्याहत्तरचे, काठी घेतलेले, समितीच्या त्या बैठकीनंतर दोन महिने आजारी होते ते आजच पहिल्यांदा बाहेर पडले होते. काकूंच्या मुलाला बघून ते हसले. मुलगाही हसला. दोघांचं काहीतरी आधीचं होतं, एवढं काकूंना कळलं, पण काय ते कळलं नाही.

मोठ्या बाई वाचू लागल्या. "निष्णात शल्यविशारद, ज्यांच्या हातांनी शेकडो रुग्णांना जीवदान मिळालं, जे गरिबांकडून एक पैसाही घेत नाहीत, असे आपले डॉक्टर..."

टाळ्या सुरू झाल्या. सर मानचिन्ह घेऊन उठले होते, ते तसेच उभे राहिले. त्यांनी आधी मोठ्या बाईंकडं बघितलं, मग हातातल्या मानचिन्हाकडं. त्यावरही तेच कोरलं होतं. मग मुलाकडं बघितलं. तोंडावरचं हसू त्यांनी मिटवलं नाही, ते आपणच विझत गेलं.

मुलगा उठला. त्याच्या हातात माईक दिला. दोन शब्द बोला, मोठ्या बाई म्हणाल्या.

मुलानं माईक तोंडाजवळ नेला, आणि समोर आईकडं बघितलं.

तेव्हा काकूंनी मान हलवली. अगदी थोडी, सुईत दोरा ओवताना हलावी तेवढी. नको.

शेजारी बसलेल्या सुनेनं ते पाहिलं. बाकी कुणी नाही.

"धन्यवाद," मुलगा माईकवर म्हणाला. मानचिन्ह घेतलं आणि बसला.

*

नंतर व्हरांड्यात चहा होता. लोक काकूंना भेटून जात होते, कुणी हात धरत होतं, कुणी आपलं दुखणं सांगत होतं. काकूंच्या एका हातात कप, दुसऱ्या हातात बिस्किट. मुलगा खांबापाशी उभा होता. सर काठी टेकत सरळ त्याच्याकडं गेले. काकू चार हातांवर होत्या, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"माझा भाऊ अकरा दिवस तुझ्याकडं होता," सर म्हणाले.

"हो, सर."

"घरातून निघून गेलेला. डोकं ताळ्यावर नसलेला. सगळ्या शहरानं मला सांगितलं, इथं नाही, तिथं नाही. तुझ्या वहीत होता. डाव्या कानामागं तीळ, हे लिहिलं होतंस तू. त्याची दाढी केली होतीस. वर्षानुवर्षं त्यानं आम्हाला दाढीला हात लावू दिला नव्हता." सर थांबले, श्वास घेतला. "मी विचारलं, आपण कोण? तू म्हणालास, सर, तुमचाच विद्यार्थी आहे, इथं मुडदे धुतो. असं म्हणालास, जसं कुणी म्हणावं मी इथं शिकवतो. मी तुझ्यापुढं वाकलो होतो. आठवतंय?"

"आठवतंय."

"चाळीस वर्षं शिकवलं, एक पोरगं मिळालं असं वाटलं होतं. आणि त्या पोराला स्वतःच्या कामाची लाज वाटते."

"तसं नाही हो सर, त्यांनी नाही..." सून पुढं झाली. मुलानं तिचा हात दाबला.

"चुकलं, सर," तो म्हणाला.

"चुकलेलं खोडायचं असतं. तुला माईक दिला होता." सरांनी काठी उचलली. "मी त्या दिवशी वाकलो, ते परत घेता येत नाही. येत असतं तर घेतलं असतं."

काकूंना तिथं बोलता आलं असतं. दोन वाक्यं होती: हे मी सांगितलं, आणि आज मान मी हलवली. ज्या जिभेनं सासूला, दिराला, दुकानदाराला, कुणाला म्हणून सोडलं नव्हतं, ती जीभ टाळ्याला चिकटून बसली. आजूबाजूला माणसं होती. शिपाई होता. मोठ्या बाई होत्या. बिस्किट चहात भिजून कपात पडलं, तेही त्यांना कळलं नाही.

सर जिना उतरून गेले.

मुलगा आईकडं आला. हातातलं मानचिन्ह त्यानं तिच्या काखेत दिलं, ती गणवेशाचा गठ्ठा धरते तसं.

"हे तुझं," तो म्हणाला. "संभाळून ने, काच आहे."

"घरी चल ना, जेवून जा."

"बस आहे."

सून जाताना थांबली. "आई, मी बघितलं हं," एवढंच ती म्हणाली. तोंडाळ सासूला तिनं आजवर एक शब्द उलट दिला नव्हता, आणि हाही उलटा नव्हता, नुसता खरा होता.

*

तीन दिवस काकूंनी मशीन उघडलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्या सरांच्या घरी गेल्या. दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं, खिडकीत वाळत घातलेला एकच सदरा. काकूंची नजर आधी त्या सदऱ्याच्या उसवलेल्या काखेकडं गेली. सवय. सरांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं.

काकू बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. इस्त्रीवालीला बोललेला तो पहिला शब्द, कारकुनाचा अर्ज, सांगून आले म्हणून मुलाला दिलेली थाप, आणि शेवटी मान हलवलेली. काही गाळलं नाही. उभ्या जन्मात त्या एवढं खरं एका दमात बोलल्या नव्हत्या.

सर ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी चष्मा पुसला. संपल्यावर म्हणाले, "काकू, बसा."

"बसत नाही. कळलं ना तुम्हाला? त्याचा काही दोष नाही."

"चाळीस वर्षं मी आया बघितल्या," सर सावकाश म्हणाले. "पोरानं कॉपी केली की आई येते, म्हणते चिठ्ठी मीच ठेवली होती, त्याला माहीतच नव्हती. पोरगं शाळा बुडवतं, आई म्हणते मीच ठेवून घेतलं घरी. एकही आई अशी भेटली नाही जी म्हणाली, हो, माझ्या पोराचं चुकलं."

"मी खोटं बोलत नाहीये."

"असेल. अर्ज तुम्ही भरला असेल, मला पटतं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पण माईक त्याच्या हातात होता, काकू. तुमच्या नाही."

"मी समोर बसले होते म्हणून तो गप्प बसला. आईला लोकांत खोटं पाडायचं नाही म्हणून."

"मग त्यानं आईला सांभाळलं. चांगलं केलं. मुलगा म्हणून चांगलाच आहे तो." सर खिडकीकडं बघत होते. "पण ज्यांना कुणी नाही त्यांच्या बाजूनं तो उभा राहतो, असं मी समजत होतो. त्या दिवशी स्टेजवर त्यांचंच नाव घ्यायचं होतं. त्याला ते घेता आलं नाही."

काकूंनी तोंड उघडलं. उत्तर होतं, दहा उत्तरं होती. सगळी जुनीच होती, आणि आजवर त्यांनी ती खोट्यासाठी वापरली होती. खऱ्यासाठी एकही उपयोगी पडेना. त्या मागं वळल्या. दाराशी जाऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "सदऱ्याची काख उसवलीय."

मग काकूंनी गल्लीत सांगायला सुरुवात केली. इस्त्रीवालीला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, शिपायाला शाळेच्या फाटकाशी गाठून सांगितलं. "माझा मुलगा डॉक्टर नाही. शवागारात आहे. मुडदे धुतो." इस्त्रीवालीनं तोंडाला हात लावला, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की काकूंचं सुनेशी वाजलंय आणि म्हातारी आता स्वतःच्या पोराला वाट्टेल ते बोलत सुटलीय. किराणावाला त्यांना समजुतीनं म्हणाला, "अहो काकू, भांडणं होतात. पण एवढ्या थराला जाऊ नये. तो एवढा मोठा माणूस." मोठ्या बाईंना काकूंनी सत्काराची माहिती छापलेली स्मरणिका दुरुस्त करायला सांगितली. त्या म्हणाल्या, हजार प्रती छापून झाल्या, वाटूनही झाल्या, आता राहू दे, शाळेच्या नावाचाही प्रश्न आहे.

बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, म्हणतात. बावीस वर्षं काकूंनी माती विकली होती. आता गहू घेऊन बसल्या तर गिऱ्हाईक नव्हतं.

मुलाला फोन केला. सरांकडं जाऊन आले, त्यांना पटलं नाही, असं सांगितलं. तिकडं मागं कुठंतरी बादलीत पाणी पडत होतं.

"सर बरोबर बोलले," तो म्हणाला. "मला काम आहे, आई."

*

दुसऱ्या दिवशी काकूंनी शहराची बस धरली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हॉस्पिटलच्या फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, कुणाकडं. काकू मोठ्यानं म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की रांगेतली चार माणसं वळली, "शवागारात. माझा मुलगा आहे तिथं कामाला." पहारेकऱ्यानं नुसतं बोट दाखवलं. जिना खाली जात होता. भिंतीला कमरेपर्यंत हिरवा रंग, वर चुना. खाली एक बंद दार, दारासमोर एक लांब बाक. बाकावर एक बाई बसली होती, काकूंच्याच वयाची, मांडीवर एक पिशवी घट्ट धरून. पिशवीतून पुरुषाच्या कोटाची बाही बाहेर आली होती.

बाईनं सरकून जागा दिली. मग आपणहून काकूंचा हात हातात घेतला.

"तुमचं कोण आहे?" तिनं विचारलं.

"माझं कुणी गेलेलं नाही," काकू म्हणाल्या. "माझा मुलगा इथं आत काम करतो. तोच यांना धुतो, कपडे घालतो."

बाईनं काकूंच्या हाताकडं बघितलं. मग आपला हात हळूच सोडवून घेतला आणि पिशवीवर ठेवला. थोडी सरकलीसुद्धा, बाकाच्या टोकाकडं. वाईट वाटून घ्यावं असं त्यात काही नव्हतं. इतकी वर्षं काकू याच एका सरकण्याला भ्याल्या होत्या. तर ते एवढंच होतं.

दार उघडलं. मुलगा बाहेर आला, अंगावर रबरी कपडा, हातात वही. त्याला आधी बाकावरची बाई दिसली, मग आई.

"तू? काही झालंय का?"

"काही नाही. बसलेय."

तो तिच्याकडं क्षणभर बघत राहिला. रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर काकूंना बरं वाटलं असतं, रागाशी कसं लढायचं ते त्यांना येत होतं.

"वेळ लागेल," तो म्हणाला. मग त्या बाईकडं वळला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला, मऊ झाला. असा आवाज काकूंनी त्याचा घरात कधी ऐकला नव्हता. "चला, मावशी. सावकाश. मी आहे सोबत. बघायचं नसेल तर नका बघू, मी खुणा वाचून दाखवतो."

बाई उठली. पिशवी पडली, तिच्यातून कोट बाहेर आला. त्यानं तो उचलला, झटकला, नीट घडी घालून तिच्या हातात दिला, आणि दार धरून उभा राहिला. ती आत गेली. तो तिच्या मागोमाग गेला.

दार लागलं. काकू बाकावर बसून राहिल्या. बाईची जागा अजून ऊबदार होती. आतून काही ऐकू येत नव्हतं. दुसरं एक कुटुंब जिना उतरून येत होतं, तिघं जण, पुढं एक म्हातारा, पायरी शोधत. काकू उठल्या आणि त्यांना बाक मोकळा करून देऊन भिंतीशी उभ्या राहिल्या.